पंडिता रमाबाईंचे अमेरिकादर्शन : एक पुनर्वाचन

पंडिता रमाबाई सरस्वती यांचा ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ १८८९ च्या अखेरीस मुंबईस प्रसिद्ध झाला. मराठी ख्रिस्ती मंडळीत रमाबाईंचे नाव न ऐकलेला मनुष्य विरळा. परंतु आमच्या व्यासपीठांवरून त्यांची जी ओळख करून दिली जाते, ती केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापिकेची, १९०५ च्या संजीवनाची आणि निराधार विधवांच्या आईची असते. प्रस्तुत ग्रंथ त्या ओळखीत नीट बसत नाही. त्यात साक्ष नाही, प्रार्थनांची उत्तरे नाहीत. एका परक्या देशाची राज्यपद्धती, घरे, शाळा, धर्मपंथ, व्यापार आणि स्त्रियांची स्थिती यांवरील प्रकरणे आहेत. म्हणूनच की काय, तो आमच्या कपाटांतून हळूहळू नाहीसा झाला. गेल्या पावसाळ्यात येथे नानाखेड्यास आम्ही काही मराठी कुटुंबांनी रविवारी सायंकाळी एकत्र बसून तो क्रमाने वाचावयास घेतला. वाचन शांतपणे पार पडेल अशी आमची अपेक्षा होती. ती खोटी ठरली, आणि त्या वादातूनच हा लेख लिहावा असे आम्हांस वाटले.

स्थळाचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. नानाखेडा हा उज्जैनचा दक्षिणेकडील भाग. इंदूरकडे जाणाऱ्या मोटारी येथील स्थानकावरून सुटतात. येथून थोड्याच अंतरावर क्षिप्रेच्या काठी सवाई जयसिंहाची वेधशाळा उभी आहे. आपल्या प्राचीन ज्योतिष्यांनी पृथ्वीची मध्यरेषा लंकेवरून उज्जयिनीमार्गे कुरुक्षेत्राकडे नेली आणि साऱ्या जगाचे पूर्वपश्चिम अंतर याच नगरीपासून मोजले. १८८४ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टन येथे राष्ट्रांची परिषद भरून मध्यरेषेचा मान ग्रीनिचला मिळाला. त्या परिषदेत हिंदुस्थानचा हिंदी प्रतिनिधी कोणी नव्हता. व्यवहाराच्या दृष्टीने निर्णय सोयीचा होता, हे आम्ही नाकारीत नाही. घड्याळे कोठून तरी लावावी लागतातच. परंतु ज्या देशात जगाचा आरंभबिंदू असा ठरविला गेला, त्याच देशात दीड वर्षाने एक सत्तावीस वर्षांची मराठी विधवा उतरली आणि तिने त्या देशास आपल्या ग्रंथात ‘पाताळ’ म्हटले. हा शब्द वाचताना आमच्या मंडळीत प्रथम हशा पिकला. मग एका वृद्ध शिक्षिकाबाईंनी म्हटले, “आपल्या पायांखाली जे आहे ते पाताळ. बाईंनी मोजमाप आपल्या अंगणातून घेतले आहे.” या एका वाक्यात ग्रंथाचे मर्म आले आहे असे आम्हांस वाटते. 

रमाबाईंच्या काळी जगाचे वर्णन करण्याचा अधिकार गौरवर्णीयांचा होता. प्रवासी, प्रशासक आणि मिशनरी पाहणारे होते. आम्ही पाहिले जाणारे होतो. आमच्या विधवा, आमचे जातिभेद, आमचे दुष्काळ यांची वर्णने लंडनला आणि बोस्टनला छापली जात. रमाबाईंनीही १८८७ साली ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक लिहून अमेरिकन वाचकांना आपला देश दाखविला, व त्या पुस्तकाच्या विक्रीने शारदासदनास हातभार लागला. मराठी ग्रंथात मात्र त्यांनी दुर्बिणीचे तोंड फिरविले. आता अमेरिका पाहिली जाऊ लागली, आणि पाहणारी होती एका जित राष्ट्रातील सावळ्या वर्णाची स्त्री. तिचे वाचक बोस्टनचे दाते नव्हते. ते पुण्याचे, मुंबईचे, आणि आमच्यासारखे माळव्यातले मराठी लोक होते. दोन पुस्तकांतील स्वरांचा भेद यातून उद्भवतो. इंग्रजी पुस्तकात त्या विनंती करतात. मराठीत त्या न्याय करतात.

ही न्यायबुद्धी अमेरिकेत गेल्यावर जागी झाली असे नव्हे. १८८३ च्या सप्टेंबरात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांसही शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील अनुभवी म्हणविणाऱ्या बिशपांनी त्यास हरकत घेतली. हिंदी स्त्रीला काय शोभते हे हिंदी स्त्रीस न विचारता ठरविण्यात आले. रमाबाईंनी आपल्या धर्मभगिनींना त्या वेळी जी पत्रे लिहिली ती आज छापील उपलब्ध आहेत. आपणांस स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे आणि एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडाखाली मान देण्यासाठी आपण ख्रिस्ती झालो नाही, असा त्यांचा आशय आहे. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या, त्या अशा मनःस्थितीत. इंग्लंडमध्ये त्यांनी साम्राज्य आतून पाहिले होते. अमेरिकेत त्यांना इंग्लंडचे जू झुगारून दिलेला देश पाहावयाचा होता. ग्रंथातील प्रजासत्ताकाविषयीच्या आदराचे मूळ येथे आहे, व मराठी वाचकास त्यातून काय सुचवावयाचे आहे हे न समजण्याइतका तो वाचक भोळा नव्हता.

परंतु रमाबाई स्तुतिपाठक झाल्या नाहीत, आणि येथेच ग्रंथाची खरी थोरवी आहे. त्या भूमीच्या मूळ रहिवाशांशी कोलंबसापासून पुढील गोऱ्या लोकांनी केलेले क्रौर्य त्या झाकून ठेवीत नाहीत. गुलामगिरी कायद्याने संपली तरी कृष्णवर्णीयांविषयीचा तिरस्कार संपलेला नाही, हेही त्या स्पष्ट लिहितात. स्वातंत्र्याची घोषणा करणाऱ्या राष्ट्रात स्त्रीला मताचा अधिकार नाही, ही विसंगती त्या उघड करतात. गुलामीतून पळून येऊन पुन्हा पुन्हा दक्षिणेत शिरून आपल्या बांधवांस सोडवून आणणाऱ्या हॅरिएट टबमन यांची त्यांनी भेट घेतली, आणि त्या भेटीविषयी आपल्या चिमुकल्या मनोरमेस पत्रातून कळविले. आपल्या लेकरापुढे आदर्श म्हणून कोणास ठेवावे हे आईच्या लेखणीतून निसटते तेव्हा तिचे खरे मत कळते. १८८८ च्या वसंतात वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्त्रीपरिषदेसही त्या हजर होत्या. त्याच परिषदेत स्त्रीमताधिकाराच्या बाजूने फ्रेडरिक डग्लस यांचे भाषण झाले. 

ग्रंथात कंटाळवाणे भाग आहेत हे सांगितलेच पाहिजे. शाळा आणि व्यापार यांवरील प्रकरणांत आकड्यांचा भार फार झाला आहे. आमच्या वाचनात दोन रविवार त्यावर गेले व उपस्थिती निम्म्यावर आली. तथापि त्यांची मराठी सरळ व अनलंकृत आहे. संस्कृतचे एवढे अगाध ज्ञान असलेली स्त्री इतके स्वच्छ लिहिते, हे आमच्या आजच्या देवज्ञानविषयक लेखकांनी, आणि अर्थातच आम्हीही, मनावर घेण्यासारखे आहे.

यापुढे आमच्यात मतभेद झाला तो ज्योतिराव फुले यांच्या निमित्ताने. फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील निग्रो गुलामांस मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांस अर्पण केली. पुण्यातला एक माळी, स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला, साता समुद्रांपलीकडील घटनेकडे पाहतो आणि म्हणतो की आमचे शूद्रातिशूद्र आणि तुमचे गुलाम एकाच दुःखाचे भागीदार आहेत. जगातील घडामोडींकडे दडपलेल्यांच्या बाजूने पाहण्याचा मराठीतील तो मोठाच उपक्रम होय. आमच्यातील एका तरुण सदस्याचे म्हणणे असे की फुल्यांनी जे घरबसल्या ओळखले ते रमाबाईंना तीन वर्षे तेथे राहूनही दिसले नाही. कृष्णवर्णीयांवरील अन्याय त्यांनी पाहिला. परंतु आपल्या देशातील अस्पृश्याचे नाते त्यांनी त्याच्याशी जोडले नाही. इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकातच ‘उच्च जातीची’ हे शब्द आहेत. 

हा आक्षेप आम्ही खरा मानतो, पण पुरा मानीत नाही. फुल्यांची अमेरिका ही अमेरिकनांनी सांगितलेली अमेरिका होती. त्यांनी आभार मानले तेव्हा दक्षिणेत मुक्त झालेल्या लोकांना मतदानाचा हक्क नुकताच मिळाला होता. चारच वर्षांनी, १८७७ साली, संघराज्याच्या सैन्याचा आधार निघाला, आणि तो हक्क टप्प्याटप्प्याने हिरावला जाऊ लागला. रमाबाई गेल्या त्या या माघारीच्या काळात. म्हणून फुल्यांना जेथे पूर्णविराम दिसला तेथे रमाबाईंना स्वल्पविराम दिसला. एकाला नाते कळले, दुसरीला वास्तव कळले. ही दोन पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून वाचली पाहिजेत असे आम्हांस वाटते. रमाबाईंच्या बाप्तिस्म्याने पुण्यात गदारोळ उठला असता ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेतून १८८५ साली त्यांची बाजू घेणारे फुलेच होते, हे येथे आठवावे. शिवाय जे रमाबाईंच्या लेखणीस १८८९ साली जमले नाही ते त्यांच्या हातांनी पुढे केले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि जात न विचारता शेकडो मुली व स्त्रिया त्यांनी केडगावी आणल्या. 

त्यांच्या दृष्टीची दुसरी मर्यादा अधिक नाजूक आहे. अमेरिकेत त्यांना ज्या स्त्रियांनी आश्रय दिला त्या बहुतांशी गोऱ्या, सुशिक्षित, मद्यपाननिषेधाच्या चळवळीतील ख्रिस्ती स्त्रिया होत्या. त्या चळवळीच्या अध्यक्षा फ्रान्सिस विलर्ड यांच्याविषयी रमाबाईंना अपार आदर होता. याच विलर्डबाईंवर, झुंडीने कृष्णवर्णीयांचे बळी घेण्याच्या प्रश्नी त्या दक्षिणेतील गोऱ्यांची मर्जी राखतात असा आरोप इडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार स्त्रीने १८९४ मध्ये इंग्लंडच्या भूमीवरून केला. हे ग्रंथप्रकाशनानंतरचे आहे; तेव्हा रमाबाईंवर त्याचा दोष नाही. परंतु यजमानाच्या घरातून देश पाहणाऱ्यास यजमानाचे स्वयंपाकघर क्वचितच दिसते, ही अडचण त्यांना होती आणि आम्हांलाही आहे.

आता आमच्या स्वतःच्या घराकडे वळतो. माळव्यातील प्रोटेस्टंट मंडळीचा उगम कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनमध्ये आहे. १८७७ साली त्या मिशनचे काम इंदूर व महू येथे सुरू झाले आणि पुढे उज्जैनपर्यंत आले. त्यांनी उघडलेल्या शाळांत आमच्या आजी-आज्या लिहावयास शिकल्या, त्यांच्या दवाखान्यांत आमची कित्येक माणसे जगली. त्या ऋणाविषयी आमच्या मनात किंतु नाही. परंतु रमाबाईंच्या ग्रंथातील मूळ रहिवाशांविषयीचा भाग वाचताना आमच्यातील एकाने विचारले की कॅनडात त्यांचे काय झाले. त्याचे उत्तर आमच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक होते. ज्या मंडळीने आमच्याकडे मिशनरी धाडले, तीच मंडळी त्याच दशकांत आपल्या देशातील मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी निवासी शाळा चालवीत होती. दोन्ही कामे तिच्या परदेश-कार्य समितीच्याच कक्षेत होती. कोलंबसाच्या चुकीमुळे दोघांनाही इंग्रजीत नाव एकच होते, ‘इंडियन’. एका वहीत दोन प्रकारचे इंडियन.

त्या शाळांत मुलांना आईबापांपासून दूर ठेवून त्यांची भाषा बोलण्यास बंदी केली जाई. अनेक पंथांनी व तेथील सरकारने मिळून चालविलेल्या अशा शाळांतून सुमारे १,५०,००० मुले गेली; कित्येक परत आलीच नाहीत. १९२५ साली प्रेस्बिटेरियनांचा मोठा भाग युनायटेड चर्च ऑफ कॅनडात सामील झाला आणि बहुतेक शाळा, तसेच आमच्याकडील बरेचसे कामही, त्या मंडळीकडे गेले. युनायटेड चर्चने १९८६ साली मूळ रहिवाशांची क्षमा मागितली व १९९८ मध्ये निवासी शाळांबद्दल पुन्हा मागितली. वेगळ्या राहिलेल्या प्रेस्बिटेरियनांनी १९९४ साली आपला अपराध कबूल केला. तेथील सत्य व समेट आयोगाच्या २०१५ च्या अहवालाने त्या व्यवस्थेस सांस्कृतिक वंशसंहार असे नाव दिले. 

हे ऐकून आमच्यातील एक ज्येष्ठ वडील दुखावले. ज्यांनी आपणांस शुभवर्तमान दिले त्यांची उणी कशाला काढावयाची, असे त्यांचे म्हणणे. ते आम्ही हसण्यावारी नेले नाही. कृतज्ञता हा ख्रिस्ती गुण आहे आणि ऐकीव रागापेक्षा तो केव्हाही मोलाचा. परंतु आमचे उत्तर असे की अपराध कबूल करण्याचे काम त्या मंडळीने स्वतः केले आहे. आमच्याकडे प्रश्न वेगळा आहे. त्या मिशनने आमच्याविषयी आपल्या देशास वर्षानुवर्षे वृत्तांत पाठविले. त्या देशातील दुसऱ्या ‘इंडियनां’विषयीचा वृत्तांत आमच्याकडे कधी आला नाही, आणि आम्हीही तो मागितला नाही. जगाची माहिती आम्हांस एकाच टपालाने येत होती. रमाबाईंनी मात्र १८८९ मध्येच त्या खंडाच्या मूळ रहिवाशांवरील अन्यायाची गोष्ट आमच्याच भाषेत लिहून ठेवली होती. ती वाचून शेजारच्या कॅनडाविषयी एखादा प्रश्न विचारावा, एवढे आमच्याने झाले नाही.

हा प्रश्न उलट दिशेनेही विचारला गेलेला आहे. १९३५ साली हॉवर्ड थर्मन हे कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मपंडित सिलोनमार्गे हिंदुस्थानात आले. कोलंबो येथे एका सुशिक्षित गृहस्थाने त्यांना विचारले की ज्यांनी तुमच्या पूर्वजांस गुलाम केले त्यांचाच धर्म घेऊन तुम्ही येथे काय करता? येशू आणि गोऱ्यांचे ख्रिस्तीपण यांत थर्मन यांनी भेद केला, आणि त्या उत्तराची वाढ त्यांच्या १९४९ च्या ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ या पुस्तकात झाली. आपल्या महूस जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांस पत्र धाडून, निग्रो जनतेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ साली मुंबईच्या तरुणांनी आपल्या संघटनेस दलित पँथर हे नाव घेतले ते ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून. जेम्स कोन यांचे कृष्णवर्णीयांचे देवज्ञान १९६९ पासून छापून येऊ लागले, आणि १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी शूद्रांच्या देवज्ञानाची मांडणी केली. म्हणजे फुल्यांनी जोडलेला धागा तुटला नाही. तो बहुधा इंग्रजीत कातला गेला, आणि मराठी उपदेशपीठापर्यंत त्याचे फारसे सूत आले नाही. 

येथपर्यंत आम्ही स्वतःस निर्विवादपणे पाहणाऱ्यांच्या नव्हे तर सोसणाऱ्यांच्या रांगेत उभे केले. ते तसे सोपे नाही. आमच्यातील एक तरुण सहा वर्षे कतारला बांधकामावर होता. त्याने सांगितले की तेथे एकाच कामाचा पगार पारपत्र पाहून ठरे. गोऱ्याला सर्वांत अधिक, मग इतर, मग आम्ही. आम्ही सहानुभूतीने माना डोलावल्या. मग तो म्हणाला, “आणि आमच्या खोलीत आम्ही सगळे हिंदुस्थानी मिळून एका आफ्रिकन मुलाला वेगळे भांडे देत होतो.” यावर कोणी काही बोलले नाही. २०१७ च्या मार्चमध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे नायजेरियन विद्यार्थ्यांस जमावाने मारहाण केली, त्या वेळी आमच्या मंडळ्यांतून त्यांच्यासाठी प्रार्थना झाल्याचे आम्हांस आठवत नाही. ख्रिस्ती मासिकांतील वधूवरांच्या जाहिराती वाचकांनी स्वतःच चाळून पाहाव्यात. ‘गोरी’ हे विशेषण तेथे ‘विश्वासू’च्या आधी येते.

गणनेच्या बाराव्या अध्यायात मोशेने कुशी स्त्री केली म्हणून मिर्यामेने कुरकुर केली, अशी कथा आहे. कुश म्हणजे आफ्रिकेतील प्रदेश. ती स्त्री काळी असली पाहिजे. देवाचा कोप झाला आणि मिर्याम कोडाने बर्फासारखी पांढरी झाली. या शिक्षेतील उपरोध कृष्णवर्णीय भाष्यकारांच्या ध्यानात आला आहे. आमच्या उपदेशांत मात्र ही कथा बहुधा पुढाऱ्यांविरुद्ध कुरकुर करू नये एवढ्यासाठी सांगितली जाते. रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात घालविली आणि ते संपूर्ण भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, मुक्ती छापखान्यातून बाहेर आले. ज्या लेखणीने टबमनविषयी मुलीस लिहिले त्याच लेखणीखालून मिर्यामेचे हे पांढरे होणेही गेले.

ग्रंथ आज दुर्मिळ नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९९६ साली तो पुन्हा छापला. २००३ मध्ये तर त्याची दोन वेगवेगळी इंग्रजी भाषांतरे एकाच वर्षी निघाली. नानाखेड्यातील आमचे वाचन आश्विनात संपले. त्यानंतर त्या दुखावलेल्या वडिलांनी आमची प्रत घरी नेली आहे. मूळ रहिवाशांवरची पाने आपणांस सावकाश पुन्हा वाचावयाची आहेत, असे त्यांनी सांगितले. पुढील बैठकीसाठी ‘गुलामगिरी’ ठरली आहे, आणि तिच्या दोन प्रती इंदूरहून मागविल्या आहेत.